उतारा नव्हे, कट्टी आणि बटई

भाच्याचा प्रश्न: ‘मामा, सुट्टीत आम्ही पोट्टे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून खेळायचा लढाया-जादूचा खेळ खेळतो. त्यातला स्टोनस्किन मंत्र मारला की अंगावर आलेलं डॅमेज कमी होतं. मी त्याला उतारा म्हणतो, दुसरा म्हणतो प्रतिकार. बरोबर काय?’

दोन्ही चूक. आणि हा ‘उतारा’ ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. उतारा चढलेल्याचा असतो. विंचू चढतो, दारू चढते, मग ती उतरवतात. घाव बसायच्या आधीच अंगावर घेतलेला मंत्र उतारा कसा होईल? आपल्याकडे एकरी उतारी विचारतात ती पिकाची आणि उतारा काढतात तो सातबाऱ्याचा. प्रतिकार म्हणजे उलटून सामना करणं. इथे तर गडी दगडासारखा उभा राहून मार खातो. कुणी शाळेच्या विज्ञानातून ‘रोध’ उचलून आणेल, पण रोध म्हणजे अडवणं, आणि इथे वार तर बसतोच. अडवतो तो शील्ड मंत्र. खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत त्याने बचावाच्या आकड्यात 5 वाढतात आणि वार हुकू शकतो. त्याला खुशाल ढाल म्हणा.

आता गंमत. वार बसल्यावर नुकसान दोन तऱ्हांनी कमी होतं आणि दोन्हींचे शब्द आपल्या बाजारात, बांधावर पडलेले आहेत. 2003 च्या साडेतीनाव्या आवृत्तीत स्टोनस्किन दर वारातून ठरावीक 10 वजा करायचा. ही सरळ कट्टी. मागल्या हंगामात एका व्यापाऱ्याने माझ्या सोयाबीनच्या पोत्यामागे किलोभर कट्टी कापली. पोतं पन्नासचं असो की साठचं, कट्टी तेवढीच. 2014 मध्ये तोच मंत्र साध्या, जादू नसलेल्या हत्यारांचं नुकसान अर्धं करतो. ही बटई, शेत निम्म्या वाट्याने कसायला देतात ती. निम्मं त्याचं, निम्मं तुझं. बटई हिंदीच्या बाँटनातून आली आणि तिचं मूळ संस्कृत वण्ट्, म्हणजे आपला वाटा तिचा सख्खा भाऊ.

पण माझा जीव कट्टीवर. ‘ही इंग्रजी कटवरून आली’ असं एका निवृत्त मास्तरांनी मला ठासून सांगितलं. मास्तर, संस्कृत कृत् पाहा. त्याच्यातून कर्तरी, कर्तरीची कात्री. प्राकृतातला कट्ट त्याच घरचा. पोरं रुसली की ‘कट्टी’ म्हणतात तीही हीच, दोस्ती कापणारी. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, मात्र कृत् दोन आहेत: एक छेदने, कापणारा, दुसरा वेष्टने, गुंडाळणारा. आपलं सूत कातणं या दुसऱ्यातून आलं. म्हणजे कात्री आणि कातणं एकाच नावाच्या दोन धातूंतून! आणि हा मंत्र काय करतो? अंगाला गुंडाळतो आणि घाव कापतो. दोन्ही कृत् एकाच जागी. योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे पटायला एवढं पुरे.

हे लिहिताना ओसरीवर पितळी परातीत वीस बाजूंचा फासा खणकन पडला आणि तंटा सुरू झाला. वार बसला होता, त्याचं नुकसान 27. एका मंत्राची 5 ची कट्टी, दुसऱ्याची बटई. आधी काय? नियमात स्पष्ट आहे: आधी कट्टी, मग बटई. 27 मधून 5 गेले, 22 राहिले, त्याचे अर्धे 11. उलट केलं तर 27 चे साडेतेरा, अर्धा सोडून 13, त्यातून 5 गेले की 8. 3 चा फायदा आहे म्हणून भाचा उलटं करायला बसला होता. तुझ्या बाजूने वर्षभर कोणी अर्धा सोडून देत नाही रे, इथे नियमच सोडतो, तेवढ्यावर समाधान मान.

मंत्राचं नाव राहिलंच. पाषाणत्वचा नको, ती पूजेच्या पुस्तकातली वाटते. दगडचामडी म्हणा.