केसपेपरवरची एक ओळ

सामान उतरवताना टेम्पो मागे आला, भावाचा पाय फाळका आणि भिंत यांच्यामध्ये चिरडला, आणि आता ठेकेदार "दवाखान्याचे मी बघतो, पोलीस नकोत" म्हणतो आहे, हे आपण लिहिलेले वाचले आणि 2018 साली कामावर दुखावलेला माझा उजवा गुडघा आठवला. मी वायरमन आहे, वकील नाही. पुढचे सारे अनुभव म्हणूनच वाचावे. भावाचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरला जात असेल, तर त्याचा मार्ग वेगळा आहे.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक अपघातानंतर तासाभरात झाली. कसे लागले, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे पाहून मी "घरी जिन्यावरून पडलो" असे सांगितले, आणि ते केसपेपरवर जसेच्या तसे उतरले. एमएलसी (रुग्णालय पोलिसांना कळवते ती अपघाताची कायदेशीर नोंद) झाली नाही, पोलिसांत नोंद नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले, आणि पुढे कामगार न्यायालयात विमा कंपनीच्या वकिलाने तीच ओळ तीनदा वाचून दाखवली. रुग्णालयाचे नोंदणी कार्यालय "लिहिलेले बदलत नाही" एवढे बोलून खिडकी लावून घेई; खोटे मीच बोललो होतो, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हते.

दावा तरला तो सोसायटीच्या गेटवरच्या वहीमुळे. रखवालदाराने टेम्पोचा क्रमांक, 10.40 ही वेळ आणि "वायरिंग, 4 माणसे" असे लिहून ठेवले होते. आपणही आजच अशा पानाचा फोटो काढावा, कारण त्या वह्या भरल्या की रद्दीत जातात.

माझे प्रकरण 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली चालले. मजुरी महिना 18,000 असूनही हिशेबात त्या वेळच्या कमाल मर्यादेप्रमाणे 8,000 रुपयेच धरले गेले. 2020 च्या जानेवारीत ती मर्यादा 15,000 झाली, पण माझा अपघात त्याआधीचा. आता सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तेव्हा कलमे आणि मुदत वकिलाकडून तपासून घ्यावी.

ठेकेदाराचे पैसे नाकारू नयेत, असे माझे मत आहे (अनेकांना ते पटणार नाही). मात्र ते बँकेतूनच घ्यावेत आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कामगारांची भरपाई यांपैकी एकच दार निवडावे लागते. ती निवड करण्याआधी भावाच्या केसपेपरची प्रत मागून घ्यावी आणि "कसे लागले" याच्यापुढे काय लिहिले आहे, ते स्वतः वाचावे.