देणगी मागायची लाज वाटते, काम सोडू का?

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या लेकरांच्या वसतिगृहासाठी तुम्ही निधी गोळा करता, मार्च आला की पोटात गोळा येतो, फोन लावताना भीक मागतोय असं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणून सांगतो.

आपल्या गावात सप्ताहाची पट्टी गोळा करणारा कधी लाजतो का? वहीत तो पहिल्यांदा स्वतःची पट्टी लिहितो, मगच दुसऱ्याच्या दारात जातो. काल्याच्या पंगतीला देणारा आणि मागणारा एकाच ओळीत बसतात. तुमच्या पगारातून थोडे का होईना, पण आधी तुमचे पैसे वसतिगृहाला जाऊ द्या. बोलण्यातला सूरच बदलतो.

आता मार्चचं. तेव्हा आपण 80जी ची, म्हणजे देणगीवर करात वजावट मिळवून देणारी पावती घेऊन धावतो. पण नव्या करपद्धतीत ती वजावटच मिळत नाही. त्या पद्धतीत गेलेला पगारदार तरीही देत असेल, तर त्याला विचारा, का देता? मला तर या कामातली खरी मजा त्या उत्तरांतच सापडली. पुण्यात नोकरी करणारे केज-धारूरकडचे कितीतरी जण स्वतः कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत वाढलेले असतात. त्यांना माहितीपत्रक पाठवू नका. दहावीच्या पोरांशी अर्धा तास फोनवर बोलाल का, एवढंच विचारा.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे वसतिगृह गजबजलेलं असतं ते थंडीत. देणाऱ्याला तेव्हा बोलवा, जेवायला बसवा. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला आईबाप कर्नाटकात आणि लेकरू इथं, हे अहवाल वाचून कळत नाही.

आमच्याकडे मोंढ्यातले एक आडत व्यापारी सुगीनंतर ज्वारी आणि तूरडाळ देतात. धान्याला 80जी लागू नाही आणि दोन हजारांच्या वरची रोकडही त्यात चालत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "ते राहू द्या, डाळ शिजती का नीट?" तेव्हापासून डाळ कोणती घ्यायची हे तेच ठरवतात.

वाईट बातमीही सांगत जा. अध्येमध्ये एखाद्या मुलीचं लग्न लावून देतात आणि ती परत येत नाही. हे लपवलं की नातं फोटोपुरतंच उरतं. एका निवृत्त शिक्षिकेला मी असं एकदा सांगितलं, तर पुढच्या पालकसभेला बाई स्वतः आल्या आणि आयांशी बोलत बसल्या. देणगी त्यांची तेवढीच आहे, पण आता वसतिगृह त्यांचंही झालंय.

आणि लेकरांना रांगेत उभं करून हातात आभाराचा फलक द्यायला लावणारा कुणी भेटला, तर पैसे नकोत म्हणा. अवघड जातं, संचालक मंडळ रागावतं, पण भीक मागितल्यासारखं वाटणं त्या दिवसापासून कमी होतं.

सीएसआरवाल्यांचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीवाल्यांचं वेगळं. तिथला माणूस बदलत राहतो, अहवाल वेळेवर द्या, जास्त जीव लावू नका.

या आठवड्यात गेल्या वर्षीच्या देणाऱ्यांची यादी काढा. ज्यांना पावतीनंतर आपला एकही फोन गेला नाही, त्यांना लावा आणि लेकरांचं काय चाललंय ते सांगा. पैशाचा विषय त्यांनीच काढला तर ठीक, आपण काढायचा नाही.