लेवीयापाशी अडकलेले वाचन आणि सुटलेली मंडळी

जय ख्रिस्त. आपण लिहिले आहे की आपण मूळचे अंबड तालुक्यातले, सध्या वाळूजच्या कारखान्यात पाळीची नोकरी करता. जानेवारीपासून वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्याचा तक्ता हाती घेतला आणि त्यातल्या तिसऱ्या, लेवीय पुस्तकाशी येऊन थांबलात. गावी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नियमाने जात होतात, इथे रविवारी बहुधा पाळी असते म्हणून मोबाईलवर उपदेशकांचे संदेश ऐकता. आणि इतके करूनही विश्वासात वाढ होत असल्याचे जाणवत नाही. शेवटी आपण विचारले आहे की वाचन चालू ठेवले तर मंडळीवाचून भागणार नाही का. माझे उत्तर असे की आपले वाचन ज्या कारणाने अडले त्याच कारणाने वाढही अडली आहे, आणि ते कारण म्हणजे आपण सध्या एकट्याने वाचता.

तक्त्याविषयी आधी थोडे. पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय वाचावे लागतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय धरले तर जानेवारीत सुरुवात करणारा माणूस फेब्रुवारीच्या तोंडाशी लेवीयाच्या होमबलींपाशी पोहोचतो. त्यामुळे तेथे थांबणारे आपण पहिले नाही. पहिल्या दोन पुस्तकांत गोष्टी आहेत, माणसे आहेत, प्रवास आहे; लेवीयात एकाएकी चरबी, रक्त, कुष्ठ आणि शुद्धाशुद्धतेचे नियम येतात, आणि दिवसाचा हप्ता पुरा करण्यापुरती नजर ओळींवरून फिरत राहते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने त्यासाठी स्वतःला दोष देत बसण्याचे कारण नाही.

मात्र तेच पुस्तक चारचौघांत वाचले तर काय होते, हे मी आमच्या जालना जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत पाहिले आहे. कापूस वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी एका घराच्या ओसरीवर बायबल वर्ग भरत असे. त्या दिवशी लेवीयाचा १९वा अध्याय होता: शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नये, सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावा, आणि पुढे १३व्या वचनात, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवून घेऊ नये. वाचन तेथे आले तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी, ज्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती, शांतपणे विचारले, ‘‘मंग आमची वेचणीची मजुरी बाजाराच्या दिसापर्यंत का थांबते?’’ ज्यांच्या शेतात त्या किलोमागे मजुरीवर वेचणीला जात, ते गृहस्थ त्याच ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. कोणी हसले, कोणी खोकले. वाचणाऱ्या मुलाने पुढचे वचन सुरू करावे की थांबावे, हे त्याला कळेना. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, ते वचन पुन्हा वाचायला सांगितले आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. त्या हंगामात पुढची मजुरी रोज दिवेलागणीला मिळू लागली.

आता विचार करा, ते गृहस्थ घरी एकटेच लेवीय वाचत असते तर १३वे वचन त्यांच्या डोळ्यांखालून गेले नसते असे नाही. त्यांनी ते अनेकदा वाचलेही असेल. वचन तेच होते, पण ज्यांच्याविषयी ते बोलत होते ती माणसे समोर बसलेली होती. प्रभू येशूने जी दुसरी मोठी आज्ञा म्हणून सांगितली, ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’, ती याच अध्यायातल्या १८व्या वचनातली आहे. शेजाऱ्याविषयीचे पुस्तक शेजारी नसताना वाचले की ते रुक्ष वाटते, यात नवल ते काय?

नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या ८व्या अध्यायात यरुशलेमहून परत निघालेला एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतो. सुवार्तिक फिलिप्प धावत जाऊन त्याला विचारतो की वाचता ते समजते काय. तो उत्तर देतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार? आणि फिलिप्पाला वर येऊन शेजारी बसायला सांगतो. या माणसाकडे ग्रंथ होता, वेळ होता, विद्या होती आणि एवढ्या लांबचा प्रवास करून उपासनेला जाण्याइतकी तळमळही होती. कमी होते ते शेजारी बसणारे कोणीतरी. फिलिप्पाला तो काय वाचतो हे ऐकू आले, याचा अर्थ तो मोठ्याने वाचत होता. हे मुद्दाम सांगतो, कारण मोबाईलच्या पडद्यावर मनातल्या मनात वाचण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे की मोठ्याने वाचलेले वचन कानाला वेगळे लागते, हेच आपण विसरतो.

येथे कोणी मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण पुढे करील. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि मत्तयातील डोंगरावरच्या प्रवचनाने, म्हणजे ५ ते ७ या अध्यायांनी, त्यांना धरून ठेवले, हे प्रसिद्धच आहे. सुरुवात एकांतातल्या वाचनाने झाली, हे खरेच. परंतु १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो मंडळीत, आणि नंतर त्यांनी रचलेली भजने पेटी-टाळांवर चारचौघांनी मिळून गावी अशीच आहेत. आपल्या मराठवाड्यातही जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली ती घरे, उपासनेची जागा आणि शाळा यांच्यासकट. नवख्रिस्ती कुटुंबाच्या हाती नुसते पुस्तक देऊन त्याला वाऱ्यावर सोडावे, असे त्या पिढीने मानले नाही.

मोबाईलवरच्या संदेशांविषयी माझे मत थोडे कडक आहे. त्यांतले कित्येक चांगले असतात आणि रात्रपाळीहून परतताना बसमध्ये ते ऐकण्यात गैर काही नाही. पण तो उपदेशक आपल्याला ओळखत नाही, आपण तीन रविवार दिसला नाहीत तर खोलीवर येऊन चौकशी करत नाही, आणि आपल्याला न रुचणारे तो बोलू लागला की आपण बोट फिरवून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. शिवाय दान पाठवा म्हणजे नोकरीत बढती मिळेल, अशी भाषा जेथे ऐकू येईल तेथे सावध व्हा. बिरुया नगरातल्या लोकांनी प्रेषित पौलासारख्याचे बोलणेही शास्त्रात तसेच आहे का, हे दररोज शोधून पाहिले, असे कृत्ये १७:११ मध्ये लिहिले आहे; आणि तेथे एकटादुकटा माणूस नाही, सारी सभा शोध घेत होती.

आता काय करावे? तक्ता बाजूला ठेवा. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. त्याचे १६च अध्याय आहेत. रोज एकच प्रसंग वाचा, तोही मोठ्याने, आणि न समजलेले किंवा मनाला बोचलेले एक वाक्य वहीत उतरवा. कामाला निघताना एक स्तोत्र वाचा. १ले, २३वे, १२१वे अशी छोटी स्तोत्रे पाठ झाली तर यंत्रासमोरही मनात म्हणता येतात. आमच्याकडच्या जुन्या बायका वाचता येत नसतानाही स्तोत्रेच्या स्तोत्रे तोंडपाठ म्हणत, ती अशीच ऐकून ऐकून. मार्क झाल्यावर पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र वाचा, चार अध्यायांचे आहे. वहीतले प्रश्न मात्र वहीतच राहू देऊ नका. ते घेऊन जाण्यासाठीच मंडळी हवी.

रविवारची पाळी ही खरी अडचण आहे, तिला सबब म्हणणार नाही. परंतु बहुतेक मंडळ्यांत आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या घरी संध्याकाळची प्रार्थना सभा असते, आणि दहा-बारा माणसांच्या त्या बैठकीत प्रश्न विचारणे रविवारच्या भक्तीपेक्षा सोपे जाते. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक किंवा एखादी स्वतंत्र मंडळी, आपण ज्या परंपरेत वाढलात तिच्यातली खोलीपासून जवळची निवडा. दर आठवड्याला नवी मंडळी पाहत हिंडू नका. अनेक मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते. पाळी बदलून मागायचीच असेल तर त्या रविवारसाठी मागा. आणि गेल्यावर मागच्या बाकावर बसून आशीर्वचन होताच निघून येऊ नका, एखादे लहान काम मागून घ्या: सतरंज्या घालणे, संडे स्कूलच्या मुलांना सांभाळणे, शास्त्रपाठ वाचणे. शास्त्रपाठ वाचायला मिळाला तर उत्तमच, कारण लोकांपुढे वाचायचा अध्याय माणूस घरी चारदा वाचून येतो.

मंडळीत गेल्यावर भांडणे दिसतील, हेही आधीच सांगून ठेवतो. कमिटीच्या निवडणुका, जमिनीचे वाद, कोणी कोणाच्या लग्नाला गेले नाही याचे रुसवे, हे सारे आहे. तरुण मुले ते पाहून विटतात आणि आपण घरीच बरे असे म्हणतात. पण फिलिप्पैकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना, नावे घेऊन, एकचित्त व्हा अशी विनंती करतो, आणि त्याच दोघींनी आपल्याबरोबर शुभवर्तमानासाठी श्रम केले असेही लगेच म्हणतो. ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचले गेले असणार आणि त्या दोघी तेथे बसलेल्या असणार. क्षमा करणे कशाला म्हणतात, हे समजायला ज्याच्याशी आपले पटत नाही असा माणूस शेजारच्या बाकावर असावा लागतो. मोबाईलमध्ये तो सापडत नाही.

वाढ जाणवत नाही, या आपल्या तक्रारीवर एवढेच म्हणेन की ती स्वतःमध्ये रोज तपासू नका. मार्काच्या ४थ्या अध्यायात, पेरणाऱ्याच्या दाखल्यानंतर, प्रभूने आणखी एक लहान दाखला दिला आहे: माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजून वाढते ते कसे, हे त्याला कळत नाही. आपण शेतकऱ्याच्या घरचे आहात. मृगात पेरलेले उगवले का म्हणून रोज माती उकरणाऱ्याला गाव काय म्हणते, हे आपल्याला सांगायला नको. गलतीकरांस ५:२२-२३ मध्ये प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी आत्म्याची नऊ फळे सांगितली आहेत, आणि त्यांतली बहुतेक अशी आहेत की ती आधी दुसऱ्याला दिसतात. खोलीतल्या सोबत्याला, लाइनवरच्या सुपरवायझरला, फोनवर बोलणाऱ्या आईला.

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या पाळकसाहेबांकडून शहरातल्या मंडळीसाठी पत्र मागून घ्या. पत्र नसले तरी कोणी दारातून परत पाठवत नाही. पण पत्र असले की नाव नोंदवहीत चढते, घरभेटीच्या यादीत येते, आणि मग आपण दिसला नाहीत तर कोणाला तरी ते कळते. लेवीय तोवर मिटून ठेवा. शहरातल्या प्रार्थना सभेत थोडी ओळख झाली की १९वा अध्याय तेथे सगळ्यांनी मिळून वाचू या का, असे आपणच सुचवा.