जिवलग मैत्रीण नाही, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का?

चाळिशीच्या आसपासच्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा हा प्रश्न पहिल्या भेटीत सहसा निघत नाही. आधी सासूबाईंचं आजारपण येतं, मुलीची बारावी येते, नवऱ्याची शिफ्ट येते, रात्री झोप लागत नाही हे येतं. मग तिसऱ्या-चौथ्या भेटीत, वेळ संपत आल्यावर, पर्स खांद्याला अडकवता अडकवता त्या विचारतात, "मॅडम, मला जवळची म्हणावी अशी एकही मैत्रीण नाही. असं असतं का हो कुणाचं?" विचारताना आवाज खाली येतो, डोक्यावरच्या कर्जाचा आकडा सांगताना येतो तसा.

पुरुषांनाही हे दुखणं असतं, पण ते घेऊन येतात ॲसिडिटी आणि चिडचिड. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेला माणूस सांगतो की घरी सगळे त्याच्यावर वैतागतात. तीस वर्षं चहाच्या सुट्टीत भेटणारी माणसं एका दिवसात गेली, हे त्याच्या लक्षातच आलेलं नसतं. त्यांच्याविषयी वेगळं लिहायला हवं. आज एका बाईंविषयी लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना वैशालीताई म्हणू.

वय त्रेचाळीस. माहेर येवल्याचं, लग्न होऊन नाशिकला आल्या, घर इंदिरानगरला. एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघतात. नवरा अंबडला कंपनीत. थोरली मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, धाकटी नववीत, सासूबाई घरात. सोसायटीची भिशी आहे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. अशा बाईला एकटं वाटतं म्हटलं तर घरचेच म्हणतील, "तुला काय कमी आहे?" नवऱ्याने तसं म्हटलंही होतं, आणि वाईट हेतूने नव्हे.

निमित्त झालं दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरचं. गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवर सगळ्या जमल्या. जेवण झालं, अंताक्षरी झाली. रात्री ग्रुपवर फोटो आले. "बहुतेकींचे दोघीदोघींचे, तिघीतिघींचे फोटो होते, गळ्यात हात घालून. मी फक्त ग्रुप फोटोत आहे."

दुसरा प्रसंग त्याहून साधा. थोरलीला कॉलेजमधूनच पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. देवापुढे पेढे ठेवले, सासूबाईंना नमस्कार झाला, नवऱ्याला फोन झाला. "मग मी गॅलरीत गेले. अजून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, म्हणजे अगदी ओरडून. फोन काढला आणि नावं सरकवत बसले. सगळी नावं संपली. परत वरपासून सुरुवात केली. मग फोन ठेवला आणि कुकर लावला."

दुःख सांगायला माणूस नसणं कळतं तरी, आणि दुःखात माणसं आपणहून येतातही. आनंद सांगायला कुणी नसणं फार आत लागतं. माझ्या लेखी जिवलग मैत्रिणीची हीच मोठी खूण आहे. तुमच्या घरी काही चांगलं झालं की ती तुमच्याइतकीच फुलते, तिला मनात हिशेब करावा लागत नाही. तिच्याशी बोलताना मागची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत नाही. "झालं ना परत तेच?" एवढ्याने भागतं. चुकलात तर ती तोंडावर सांगते आणि पाठीमागे तुमचीच बाजू घेते. चार महिने फोन झाला नाही तरी पहिलं वाक्य "इतके दिवस कुठे होतीस?" असं फणकाऱ्याने येत नाही.

नवराच माझा मित्र, असं बऱ्याच जणी सांगतात. तसं असेल तर ते भाग्यच. पण नवऱ्याशी बिनसलं की बोलायचं कुणाशी? एकाच माणसावर सगळी भिस्त टाकली की तेही नातं दमतं.

मी वैशालीताईंना विचारलं, "गॅलरीत उभ्या होतात तेव्हा वाईट वाटत होतं की लाज वाटत होती?" त्या बराच वेळ पर्सची चेन मागेपुढे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी वाईट वाटलं. पण नंतर लाजच. वाटलं, इतक्या वर्षांत एक माणूस जोडता आलं नाही मला."

या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय पुढे काही करता येत नाही, असं माझं मत आहे. वाईट वाटतं ते नसलेल्या गोष्टीच्या ओढीने. भूक लागावी तशी ती नैसर्गिक ओढ आहे आणि ती माणसाला दुसऱ्याकडे नेते. लाज मात्र माणसाला घरात कोंडते. वैशालीताईंनी पुढच्या गेट-टुगेदरला काम असल्याचं सांगितलं. भिशीत कुणी मैत्रिणींबरोबरच्या सहलीचं बोलायला लागलं की त्या उठून चहा टाकायला जात. आपल्याला कुणी नाही हे कुणाला कळू नये म्हणून त्या लोकांपासून लांब राहू लागल्या, आणि लांब राहिल्यामुळे कुणी जवळ येईना.

आधी ही लाज थोडी उतरवायची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं की जगात सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे. वैशालीताई आकड्यांत वावरणाऱ्या बाई, त्यांनी लगेच सोसायटीचा हिशेब केला. "म्हणजे आमच्या भिशीतल्या तीन-चार जणी?" शक्य आहे, मी म्हटलं. तुम्ही चहा टाकायला उठता, दुसरी कुणी सारखा फोन बघत असेल.

भरल्या घरात एकटं का वाटतं, याचंही उत्तर आहे. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार मांडले होते. एकात माणसाला गोतावळाच नसतो, जसं नव्या गावात बदली झाल्यावर होतं. दुसऱ्यात गोतावळा असतो, पण मन मोकळं करावं असं एक माणूस नसतं. पहिल्यावर भिशी, भजनी मंडळ, योगवर्ग हे उपाय चालतात. दुसऱ्यावर ते चालत नाहीत. म्हणून "बाहेर पड, चार लोकांत मिसळ" या सल्ल्याने वैशालीताईंसारख्या बाईला उलट जास्तच एकटं वाटतं. लोकांत तर ती रोजच असते.

मग मैत्रिणी गेल्या कुठे? येवल्यात असताना शेजारची एक मुलगी होती, बालवाडीपासून बरोबर. पैठणीच्या मागाची खटखट ऐकत दोघी ओट्यावर अभ्यास करायच्या. तिला सुरतेला दिलं, यांना नाशिकला. आपल्याकडे सासरी जाताना मुलीचं घर सुटतं याबद्दल गाणी आहेत, रडणं आहे, पाठवणीचा विधी आहे. मैत्रीण सुटते त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षं मुलं, नोकरी आणि आजारपणं यांत जातात आणि नवी मैत्री करायला वेळ उरत नाही.

वेळाचं हे गणित मी त्यांना कागदावर करून दाखवलं, कारण आकड्यांवर त्यांचा विश्वास बसतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो हे पाहिलं होतं. ओळखीचं माणूस वरवरचा मित्र व्हायला साधारण ५० तास, खरा मित्र व्हायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० पेक्षा जास्त तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात. नुसतं शेजारच्या टेबलावर काम केल्याचे तास फारसे कामी येत नाहीत. गप्पा, फिरणं, निवांत बसणं यांचे येतात. कॉलेजात रोज चार तास बरोबर असलं तर दोनशे तास दोन महिन्यांत भरतात. महिन्यातून एकदा तासभर भेटलं तर? वैशालीताईंनी मनातच भागाकार केला. "साडेसोळा वर्षांहून जास्त." आणि मग पहिल्यांदाच हसल्या. "मग माझ्यात खोट नाही, माझ्याकडे तास नव्हते."

ते पूर्ण खरं नव्हतं, आणि मला ते सांगणं भाग होतं. त्यांच्या वागण्यातही एक गोष्ट होती. जुलै आला की सोसायटीतल्या निम्म्या घरांची इन्कम टॅक्स रिटर्न्स त्या भरून देत. कुणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, कुणाच्या सासऱ्यांचं पेन्शनचं काम, सगळं वैशालीताईंकडे. त्यांनी स्वतः कुणाला काय मागितलं, असं विचारल्यावर त्यांना एकही गोष्ट आठवेना. "कुणाला कशाला त्रास द्यायचा?" हे वाक्य आपल्याकडच्या बायकांना आईच्या दुधाबरोबर मिळतं. पण जी बाई कधीच काही मागत नाही, तिच्या आत शिरायला समोरच्याला दार सापडत नाही. लोक तिचा आदर करतात, तिला मानतात, आणि फोटोच्या वेळी कडेला उभं करतात.

म्हणून त्यांना एकच काम दिलं. एका माणसाकडे एक छोटी मदत मागायची, जी खरंच हवी आहे अशी. त्यांना ते इतकं अवघड गेलं की मधल्या दोन भेटी नुसत्या सबबींत गेल्या. शेवटी दाढेचं रूट कॅनाल निघालं. त्यांना डॉक्टरांच्या खुर्चीची लहानपणापासून भीती. ऑफिसमधल्या एका सहकारी बाईंना, ज्यांच्या शेजारी त्या सहा वर्षं बसत होत्या, त्यांनी विचारलं, "माझ्याबरोबर येशील का? मला भीती वाटते गं." त्या बाई अर्धी रजा टाकून आल्या. नंतर भूल दिलेल्या तोंडाने धड बोलता येत नसताना दोघी कॉलेज रोडवर स्कूटीला टेकून तासभर उभ्या राहिल्या. आणि त्या सहकारी म्हणाल्या, "तू स्वतःचं कधी काही बोलतच नाहीस. मला वाटायचं तुला मी आवडत नाही."

असं पुष्कळदा होतं. एरिका बूथबी या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की पहिल्यांदा बोलून झाल्यावर दोन्ही माणसांना वाटतं, समोरच्याला आपण फारसे आवडलो नाही, आणि दोघांचाही अंदाज खऱ्यापेक्षा कमीच असतो. सहा वर्षं शेजारी बसलेल्या दोन बायका हाच गैरसमज उराशी धरून डबा खात होत्या.

सुरतेच्या मैत्रिणीचा नंबरही भावाकडून मिळाला. पहिला फोन पाऊण तास चालला, दोघी रडल्या. दुसऱ्या फोनला दहा मिनिटांत विषय संपले. तिसऱ्या वेळी आंब्याच्या लोणच्याची कृती झाली आणि मग नुसती शांतता. वैशालीताई फार खट्टू झाल्या. मी म्हटलं, ती तुम्हाला लग्नाआधीची ओळखते, त्रेचाळीस वर्षांची नाही. तिच्याशी आठवणींची मैत्री राहू द्या, तिच्याकडून आजच्या गरजेची अपेक्षा नको. हे त्यांना पटलं असं वाटलं नाही, आणि मी आग्रहही धरला नाही. कधीतरी पटेल, किंवा ती मैत्री पुन्हा उभीही राहील.

जिवलग कुणी नसताना सुखाने जगणारी माणसं असतात, हेही इथे सांगायला हवं. पंचवटीतले एक निवृत्त शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. सकाळी सार्वजनिक वाचनालयात पेपर आणि मासिकं, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला शेवटच्या रांगेत, घाटावरच्या फुलवाल्याशी दोन शब्द, वाण्याशी दोन शब्द. घरी आले की पुस्तक. त्यांना कुणाची उणीव भासत नाही आणि त्यांना बळेच कुणाशी जोडू नये. ज्याला ओढच नाही त्याने केवळ लोक म्हणतात म्हणून स्वतःला अपुरं समजण्याचं कारण नाही. ज्याला ओढ आहे, त्याने मात्र ती दाबू नये.

एक सावधगिरी. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, आपण नसलो तर बरं असे विचार येत असतील, तर प्रश्न मैत्रिणीचा राहिलेला नाही, नैराश्याचा असू शकतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, थांबायचं नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. वैशालीताईंची झोप तपासून, मोकळेपणाने विचारून मगच मी पुढे गेले होते.

आता त्या सहकारी बाईंबरोबर वैशालीताई दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जातात. जिवलग वगैरे म्हणायला त्या तयार नाहीत. "अजून तास भरायचेत," म्हणतात. मध्यंतरी त्या बाईंच्या सासऱ्यांच्या आजारपणामुळे दीड महिना फिरणं बंद होतं, तेव्हा वैशालीताईंना पुन्हा वाटलं की आपल्याला टाळलं जातंय. या वेळी त्यांनी मनात धरलं नाही, डबा घेऊन घरी गेल्या आणि तसं बोलूनही दाखवलं. आता त्या माझ्याकडे दोन महिन्यांतून एकदा येतात. परवा आल्या तेव्हा जुलैची रिटर्न्स या वर्षी कुणाकुणाची भरायची नाहीत, त्याची यादी करून घेऊन आल्या होत्या, आणि आमचा सगळा तास त्या यादीवरच गेला.