पीएचडीसाठी इंग्रजीचा कुठला कोर्स लावू?

"मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे. एखादा चांगला कोर्स सुचवा ना."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचं सगळं आता मीच सांगू शकते. पीएचडीचं दुसरं-तिसरं वर्ष, कोर्सवर्क उरकलेलं, सहामाही प्रगती अहवाल तोंडावर आलेला आणि गाइडनी 'इंग्लिश सुधारा' असा शेरा मारून परत केलेला ड्राफ्ट. पुण्यात अशा मुलामुलींना तोटा नाही. विद्यापीठ, आयसर, एनसीएल, आघारकर, गोखले, डेक्कन कॉलेज अशी संशोधनाची कितीतरी ठिकाणं या एका शहरात आहेत. तिथे येणाऱ्यांपैकी अनेकांचं शिक्षण गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यमात झालेलं असतं. माझ्याकडे ती समुपदेशनाला येतात झोप लागत नाही म्हणून, नाहीतर छातीत धडधडतं म्हणून. इंग्रजीचा विषय निघतो तो अर्ध्या तासाने, तोही नजर खाली घालून.

त्यांच्यापैकी एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींत झालेलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

ती मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. वडील शेतकरी, घरात पदवीपर्यंत पोचलेली हीच पहिली. विषय भूजलाचा. पहिल्या भेटीला येताना फाइल घेऊन आली होती. मला वाटलं, वैद्यकीय रिपोर्ट असतील. निघाली प्रमाणपत्रं! सदाशिव पेठेतला स्पोकन इंग्लिशचा क्लास, मग ऑनलाइन ग्रामरचा कोर्स, मग आणखी एक 'ॲडव्हान्स्ड' कोर्स.

"एवढं सगळं केलंस, मग पेपर किती लिहून झाला?"

"इंट्रोडक्शन चालू आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून." तेव्हा होळी होऊन गेली होती.

"लिहायला बसल्यावर काय होतं?"

"पहिलं वाक्य लिहिते आणि वाटतं, सर हे वाचून हसतील. मग खोडते."

"समजा, हसले. पुढे?"

"म्हणतील, ही इथवर आलीच कशी."

"म्हणाले. त्याच्या पुढे?"

ती जरा थांबली. "पुढे... दुरुस्त करून देतील." आणि स्वतःच हसली.

माझा ओढा पहिल्यापासून विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ती मांडली. घटनेपेक्षा घटनेबद्दलची आपली समजूतच आपल्याला जास्त छळते, हे तिचं मूळ सूत्र, आणि ते आपण प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडून घेतलं हे एलिस मोकळेपणाने सांगत. बालपण उकरत बसण्यापेक्षा 'पुढे काय होईल?' हा प्रश्न शेवटपर्यंत नेण्याने माणूस लवकर मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे. तिच्या बाबतीतही तसंच झालं. दोन-तीन भेटींत झोप सुधारली. पेपर मात्र जिथल्या तिथे.

म्हणून मी तिला ड्राफ्ट घेऊन यायला सांगितलं. मी काही इंग्रजीची शिक्षिका नव्हे, पण वाचता येतं. पहिला परिच्छेद असा होता: 'ग्राउंडवॉटर इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर ह्यूमन लाइफ. मेनी रिसर्चर्स हॅव डन व्हेरी इम्पॉर्टंट वर्क ऑन ग्राउंडवॉटर.' पुढे पानभर अशाच थोर संशोधकांची नावं आणि वर्षं, रांगेने. व्याकरणात फारशी चूक नव्हती. गाइडनी मात्र पूर्ण पानावर तिरकी रेघ मारून तोच तो शेरा दिला होता.

मी कागद बाजूला ठेवला. "आता मला मराठीत सांग. तू नेमकं करतेस काय?"

मग जी बोलायला लागली ती थांबेना. पुरंदरच्या बाजूच्या विहिरी, खालचा काळा पाषाण, त्या खडकात पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींची तऱ्हा वेगळी. दोरीला वजन बांधून पातळी कशी मोजायची, दोरी ओली कुठपर्यंत झाली ते कसं बघायचं, कुठल्या शेतकऱ्याने 'सरकारी माणूस आला' म्हणून हाकललं. मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर असं दोनदाच न मोजता ती दर पंधरा दिवसांनी जात होती. शब्द मोजके, क्रम चोख. कुणालाही कळावं इतकं स्वच्छ.

"छान. मग आतापर्यंतच्या लोकांनी जे केलं, त्यात काय राहून गेलं होतं?"

इथे तिची गाडी अडली. "म्हणजे... त्यांनी खूप काम केलंय."

"केलंय. राहिलं काय?"

"राहिलं असं नाही म्हणता येणार. मोठी माणसं आहेत. सरांचाही पेपर आहे त्यात."

"सरांनी किती वेळा मोजलं होतं?"

"वर्षातून दोनदा."

"मग मधल्या महिन्यांत काय होतं, ते त्यात दिसतं?"

बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "नाही दिसत. रब्बीच्या पेरणीनंतर पाणी झपाट्याने उतरतं, ते दोनदा मोजून कळणारच नाही. पण हे मी कसं म्हणू?"

मी विचारलं, "आत्ता आपण कुठल्या भाषेत बोलतोय?"

तिच्या ध्यानात आलं. इतका वेळ ती मराठीतच बोलत होती आणि मराठीतही बरोबर त्याच जागी अडली होती. तिचं इंग्रजी जिथे संपत होतं, तिथेच तिचं धाडसही संपत होतं. प्रमाणपत्रांनी भरलेली फाइल असूनही पेपर का पुढे सरकत नव्हता, हे त्या क्षणी मला लख्ख दिसलं. आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं या मुलांना भेटत असल्यामुळेच दिसलं. ज्या घरात थोरल्यांपुढे 'पण' म्हणणं हा उद्धटपणा ठरतो, तिथून आलेल्या मुलीला 'आधीच्या अभ्यासांत हे आलेलं नाही' एवढं वाक्य लिहिणं म्हणजे सगळ्या गुरुजनांसमोर आवाज चढवण्यासारखं वाटतं. मग तोंडात येतं 'व्हेरी इम्पॉर्टंट'. गाइडना ते फोल वाटतं, पण नेमकं काय खटकतंय ते सांगायला त्यांना वेळ नसतो. म्हणून शेरा पडतो इंग्रजीवर.

मिशिगन विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून दाखवून दिलं की त्यांत सहसा तीन पावलं असतात. आधी विषयाचा पट्टा आखायचा, मग त्यात मोकळी राहिलेली जागा दाखवायची, मग 'ती मी अशी भरते आहे' म्हणायचं. आमच्या मुलांचं पहिलं पाऊल पानभर लांबतं आणि दुसरं पडतच नाही.

मी तिला घरचा अभ्यास दिला. सरांचं नाव घेऊन, आदर ठेवून, राहिलेली जागा सांगणारं एकच वाक्य आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत. पुढच्या वेळी ती आणखी एक शोध लावून आली. इंग्रजी शोधनिबंधांत थोरामोठ्यांशी असहमत होण्याच्या कितीतरी सभ्य रीती आहेत म्हणे! 'मे', 'सजेस्ट', 'रिमेन्स अनक्लिअर' असे नरम शब्द आपण आजवर दुबळे समजत होतो, ती म्हणाली. तिने लिहिलं होतं: 'दीज स्टडीज एस्टॅब्लिश्ड द सीझनल रेंज, हाउएव्हर, चेंजेस विदिन द सीझन रिमेन अनक्लिअर.' सरांनी ते वाचलं. समासात टीप आली ती एवढीच: 'माझ्या पेपरचं वर्ष चुकलंय.'

आता कोर्सबद्दल. मी कोर्सच्या विरोधात नाही. पण स्पोकन इंग्लिशचा क्लास आणि संशोधन-लेखनाचं प्रशिक्षण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची, मुलाखतीत स्वतःबद्दल काय सांगायचं हे शिकवतात. तुम्हाला लागतं ते दुसरं. पैसे भरण्याआधी तिथे सरळ विचारा: माझा स्वतःचा ड्राफ्ट वर्गात घेता का, आणि त्यावर माणूस बसून शेरे देतो का? 'नाही' म्हणाले, तर सर्टिफिकेट कितीही गुळगुळीत कागदावर असो, परत फिरा. शिकवणाऱ्याला तुमच्या शाखेतले पेपर कसे लिहितात याची जाण आहे का, तेही बघा. इतिहासाचा निबंध आणि रसायनशास्त्राचा पेपर एका साच्यातून निघत नाहीत.

फुकटातलंही पुष्कळ आहे. सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर ॲकॅडेमिक रायटिंगचे कोर्स असतात. मँचेस्टर विद्यापीठाची 'ॲकॅडेमिक फ्रेजबँक' इंटरनेटवर खुली आहे. जागा दाखवणं, सावध दावा करणं, मर्यादा सांगणं अशा कामांनुसार त्यात तयार वाक्यरचना लावून ठेवल्या आहेत. 'ऑथरएड' हा उपक्रम विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठी मोफत ऑनलाइन कोर्स चालवतो. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे आपल्या विषयातले चांगले पाच पेपर घ्यायचे आणि प्रत्येकाच्या प्रस्तावनेत 'हाउएव्हर' कुठे येतं तिथे पेन्सिलीने खूण करायची.

भीतीपोटी दुसऱ्यांची वाक्यं उचलून शब्द फिरवणारे खूप भेटतात. हल्ली ते काम चॅटजीपीटीकडे जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018 च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. 10 ते 40 टक्के निघालं तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पण मी मुलांना टक्क्यांचा धाक घालत नाही. मशीन भाषा गुळगुळीत करून देईल. सरांच्या पेपरात काय राहिलं, ते विहिरीवर गेलेल्यालाच माहीत असतं.

2022 च्या नियमावलीत यूजीसीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. त्यामुळे 'मग आता इंग्रजीचं टेन्शन कशाला?' असंही कुणी विचारतं. प्रबंध लिहायचाच आहे, आणि गाइड पेपर मागायचे थांबलेले नाहीत.

राहिला बोलण्याचा प्रश्न. भूजलावाल्या त्या मुलीची आर्टिकल्स, म्हणजे 'ए', 'ॲन', 'द', अजून चुकतात. त्यासाठी ती शनिवारी एका लेखन-वर्गाला जाते, स्वतःची पानं घेऊन. सल्लागार समितीपुढे ती एका प्रश्नावर अडखळली, तेव्हा तिने सरळ विचारलं, "सर, हे मराठीत सांगू का?" समितीतले सगळे मराठीच निघाले. उरलेली चर्चा मराठीत रंगली, अहवाल तेवढा इंग्रजीत गेला.