वाचक विचारतात : ब्रेमेनला फोन कधी करावा?

प्रश्न : मुलगी जर्मनीत ब्रेमेनला शिकायला गेली आहे. वेळेचा फरक ती कधी साडेतीन तास सांगते, कधी साडेचार. नक्की किती धरायचा? फोन कधी करावा? आणि संकष्टीला तिथला चंद्रोदय कसा काढायचा?
– एक वाचक, औंध

उत्तर : मुलगी दोन्ही वेळा बरोबरच सांगते. हिवाळ्यात ब्रेमेन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे रात्री दोनचे एकदम तीन करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे परत दोन. दोन्ही वेळी आपल्याकडे रविवार सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मोबाइलच्या घड्याळात ब्रेमेन सापडलं नाही तर बर्लिन निवडा. ‘जीएमटी अधिक एक’ लावू नका. तो कायम हिवाळी वेळ दाखवतो आणि उन्हाळाभर एक तास चुकतो.

पुण्यात सकाळी सातला चहा घेताना फोन लावाल तर तिथे रात्रीचे अडीच किंवा साडेतीन असतील. दुपारी बारानंतर बोलणं शक्य आहे, पण दुकानं बंद करून पुणं एक ते चार वामकुक्षी घेतं, तेव्हा तिथे तासिका सुरू असतात. आपल्या रात्री साडेनऊची वेळ सगळ्यात सोयीची. तिथे हिवाळ्यात पाच, उन्हाळ्यात सहा वाजलेले असतात. रविवारी मात्र मुलगी निवांत सापडेल. जर्मनीत त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनातली काही उघडी. किराणा शनिवारीच भरायचा हे तिला आवर्जून सांगा.

वेळ ठरवताना आणखी एक गफलत होते. जर्मन माणूस ‘हाल्ब फिअर’ म्हणतो. शब्द ‘अर्धा’ आणि ‘चार’ असे असल्यामुळे आपला कान साडेचार ऐकतो, पण अर्थ साडेतीन. चार वाजायला अर्धा तास कमी, असा त्यांचा हिशोब. घरमालकाशी किंवा दवाखान्यात वेळ ठरवताना ‘पंधरा-तीस’ असं आकड्यांत विचारून घ्यावं. ‘मोइन’ म्हटलं की लगेच सकाळ समजू नये. उत्तर जर्मनीत तो नमस्कार संध्याकाळीही चालतो.

उजेडाचं गणित घड्याळापेक्षा वेगळं आहे. पुण्यात डिसेंबरअखेर सातच्या सुमाराला उजाडतं आणि सहाला मावळतं. ब्रेमेनमध्ये सूर्य साडेआठनंतर वर येतो आणि सव्वाचारच्या आत जातो. जूनमध्ये उलट : तिथे पाचला सूर्योदय, सूर्यास्त रात्री दहाच्या थोडा आधी. मुलगी डिसेंबरात मरगळलेली वाटली तर अभ्यासाचा ताण हे एकच कारण धरू नका. दुपारी उजेड असताना तिने अर्धा तास बाहेर फिरून यावं.

आता संकष्टी. तिथीचा आरंभ आणि समाप्ती हे क्षण जगभर एकच, म्हणून पुण्याच्या वेळेतून साडेचार किंवा साडेतीन तास वजा करून चालतं. चंद्रोदय मात्र त्या गावचा, तो असा वजाबाकीने निघत नाही. समजा हिवाळ्यात चतुर्थी पुण्यात रात्री साडेदहाला संपते आणि चंद्र सव्वानऊला उगवतो. आपली संकष्टी त्याच दिवशी. ब्रेमेनमध्ये तीच चतुर्थी संध्याकाळी सहाला संपेल. तिथे चंद्र सातला उगवणार असेल तर तोवर पंचमी लागलेली असते, म्हणून तिथली संकष्टी आदल्या दिवशी येऊ शकते. उन्हाळ्यात चंद्रोदय मध्यरात्रीच्या आसपासही जातो. तेवढा उपास झेपेल का, हे तिलाच ठरवू द्या.

पंचांगाचं ॲप वापरत असाल तर ठिकाण बदलून ब्रेमेन करा. ते नीट लागलं की नाही हे जूनअखेरचा सूर्योदय पाहून कळतं. पाचच्या सुमाराची वेळ दिसली पाहिजे. चार दिसले तर ॲपने उन्हाळी तास धरलेला नाही, म्हणून उन्हाळ्यातल्या सगळ्या वेळांत एक तास मिळवा.