निवणाऱ्या पाण्याचा आलेख सरळ येत नसेल तर

गरम पाणी निवताना दर थोड्या वेळाने तापमान मोजून त्याचा लॉग (लॉगॅरिदम) आणि वेळ यांचा आलेख काढलास आणि तो सरळ रेषेऐवजी वाकडा येतोय म्हणतोस, तर आधी बघ, लॉग कशाचा घेतलास? पाण्याच्या तापमानाचा नाही, पाणी आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाचा घ्यायचा. न्यूटनने १७०१ साली मांडलेला नियम सांगतो की फरक जितका जास्त, तितक्याच प्रमाणात वस्तू भराभर निवते; त्याचा सगळा जीव त्या फरकात आहे. समज, खोली २६ अंशांवर आणि पाणी ८६ वर. फरक ६०. दहा मिनिटांत पाणी ५६ वर आलं, तर पुढच्या दहा मिनिटांत ते ४१ पर्यंतच उतरेल, २६ वर नाही. कारण दर वेळी उरलेला फरक निम्मा होतो.

म्हणून खोलीचं तापमान सुरुवातीला लिही आणि शेवटीही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ते प्रयोग चालू असतानाच चढतं. भांड्यावर झाकण हवंच. उघड्या, कढत पाण्यातली बरीच उष्णता वाफेबरोबर निघून जाते आणि आलेखाचे पहिले बिंदू रेषेशी जुळत नाहीत. पंखा लावलास तर शेवटपर्यंत एकाच वेगावर ठेव; वाहत्या हवेत हा नियम स्थिर हवेपेक्षा जास्त चांगला जुळतो, मला तर तसाच प्रयोग करायला आवडतो. आणि प्रत्येक रीडिंगआधी पाणी ढवळ, थर्मामीटरचा फुगा तळाला टेकू देऊ नकोस.